पूल वाहून गेल्यावर मंत्र्याने काय करायचं?

२३ नोव्हेंबर १९५६च्या पहाटे तेव्हाच्या मद्रास राज्यातल्या अरियलूरजवळ मरुदैयार नदीला पूर आला होता. पुराने रेल्वेपूल खचला आणि मद्रासहून तुतिकोरिनला निघालेल्या एक्स्प्रेसचे डबे पाण्यात गेले. दीडशेच्या आसपास माणसं दगावली. त्यानंतर साठ वर्षांनी, २ ऑगस्ट २०१६च्या रात्री, महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिश काळातला दगडी कमानींचा पूल पुरात वाहून गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी बसगाड्या मुंबईच्या दिशेने येत होत्या. त्या दोन्ही, आणि सोबत काही खासगी वाहनं, अंधारात नदीत गेली.

अरियलूरच्या वेळी लालबहादूर शास्त्री केंद्रात रेल्वे आणि वाहतूक मंत्री होते. त्यांनी राजीनामा दिला. सावित्रीच्या वेळी नितीन गडकरी केंद्रात रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्री होते. त्यांच्या खात्याने तिथे १६५ दिवसांत नवा पूल उभा केला आणि ५ जून २०१७ला, पुढचा पावसाळा लागण्याआधी, तो वाहतुकीला खुला झाला.

यांतल्या कोणी आपलं कर्तव्य जास्त नीट बजावलं?

गणपतीत कोकणातल्या एका घराच्या पडवीत या प्रश्नावरून एक काका आणि त्यांची पुतणी यांच्यात चांगलीच जुंपली. काका बांधकाम खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेले, पुलांच्या कामात केस पिकलेले. पुतणी पुण्यात महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं पनवेल ते इंदापूर हे पहिलं काम २०११च्या सुमारास सुरू झालं आणि त्यानंतरचा प्रत्येक गणपती चाकरमान्यांनी खड्ड्यांचा हिशेब मांडत काढला. त्यामुळे कोकणातल्या घरात वाहतूक मंत्र्याचा विषय निघायला फार निमित्त लागत नाही.

पुतणीचं म्हणणं सरळ होतं. "काका, शास्त्रीजी काही त्या पुलावर पहाऱ्याला बसले नव्हते. पूर त्यांनी आणला नव्हता. तरी त्यांनी मंत्रिपद सोडलं. त्याच वर्षी काही महिने आधी महबूबनगरजवळ पूल कोसळून गाडी पडली होती, तेव्हाही त्यांनी राजीनामा पुढे केला होता. नेहरूंनी तो घेतला नव्हता. दुसऱ्यांदा मात्र घेतला, आणि संसदेत सांगितलं की शास्त्री दोषी आहेत म्हणून मी हा राजीनामा स्वीकारत नाही, घटनात्मक औचित्याचा एक दाखला राहावा म्हणून स्वीकारतो. असं आज कोण करतं?"

"कशाला करावं?" काका म्हणाले. "राजीनाम्याने पूल उभा राहिला का? मी सांगतो काय होतं ते. मंत्री गेला की नवा येतो. नव्याला खातं समजून घ्यायला सहा महिने. तोवर फायली थांबतात, पुन्हा पहिल्यापासून सादरीकरणं. ज्याने अपघात पाहिला, ज्याला रात्रभर झोप आली नाही, तोच माणूस खुर्चीवर असला पाहिजे. त्याच्याइतकी निकड दुसऱ्याला नसते. आणि पुढचं का सांगत नाहीस? शास्त्री परत आले ते कुठल्या खात्यात?"

हा मुद्दा बिनतोड आहे आणि शास्त्रींच्या राजीनाम्याच्या गोष्टी सांगताना तो हटकून गळतो. १९५७च्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर नेहरूंनी नवं मंत्रिमंडळ बनवलं तेव्हा शास्त्री त्यात होते, आणि त्यांच्याकडे खातं होतं वाहतूक आणि दळणवळणाचं. रेल्वे तेवढी जगजीवनराम यांच्याकडे गेली होती. खुर्ची सुटली ती जेमतेम काही महिने.

पुतणीला ते माहीत होतं. "म्हणूनच तर ते पटतं मला. राजीनामा ही शिक्षा नव्हतीच. मधल्या काळात ते मतदारांसमोर गेले, निवडून आले आणि मग परत आले. जबाबदारी कबूल करणं म्हणजे कायमचं घरी बसणं असं कोणी म्हणत नाही. पण काही महिने तरी खुर्ची रिकामी दिसली पाहिजे. मेलेल्यांच्या घरच्यांना तेवढं तरी दिसावं."

"घरच्यांना पूल दिसावा," काका म्हणाले. "त्यांची पोरं रोज त्याच नदीवरून जायची असतात."

दोघांच्या या भांडणात एक अडचण आहे. 'वाहतूक मंत्री' असा एक माणूस आपल्याकडे बहुतेक काळ नव्हताच. हे खातं जन्माला आलं तेच युद्धाच्या धामधुमीत. जुलै १९४२मध्ये दळणवळण विभागाचे दोन तुकडे झाले, टपाल एकीकडे आणि 'युद्ध वाहतूक' दुसरीकडे. मोठी बंदरं, रेल्वेने कोणता माल आधी न्यायचा याचा क्रम, पेट्रोलचं रेशनिंग आणि कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या गाड्या, अशी त्याची कामं. १९४६च्या हंगामी सरकारात असफ अली रेल्वे आणि वाहतूक मंत्री झाले, स्वातंत्र्यानंतर जॉन मथाई. शास्त्रींच्या वेळेपर्यंत रेल्वे आणि रस्ते एकाच माणसाकडे होते. त्यानंतर मात्र वाटण्या सुरू झाल्या. १९६६मध्ये वाहतूक, नौवहन, पर्यटन आणि हवाई वाहतूक एकाच छताखाली आणली, १९६७मध्ये पुन्हा दोन मंत्रालयं केली. १९८५च्या सप्टेंबरमध्ये राजीव गांधींनी रेल्वे, विमानं, रस्ते आणि बंदरं एका परिवहन मंत्रालयात गोळा केली आणि बन्सीलाल यांच्या हाती दिली. वर्ष उलटून महिनाही झाला नव्हता, तोच ऑक्टोबर १९८६मध्ये भूपृष्ठ वाहतूक वेगळी झाली. २०००मध्ये त्यातून जहाजं निघाली, २००४मध्ये परत आली, २००९मध्ये पुन्हा निघाली.

काकांना हा इतिहास तोंडपाठ नव्हता, पण त्याची झळ ठाऊक होती. "बंदर एकाचं, बंदराला जाणारा रस्ता दुसऱ्याचा, बाजूची रेल्वे तिसऱ्याची. चौकात एखादा माणूस मेला तर राजीनामा मागणार कोणाचा? रस्ता महामार्ग असेल तर पैसा दिल्लीचा, पण बऱ्याच ठिकाणी देखभाल करणारा अभियंता राज्याचा. गाडी तपासणारा आरटीओ राज्याचा. लायसन्स देणारं ऑफिस राज्याचं. एसटी राज्याची. घटनेतच तसं आहे. राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या यादीत, बाकीचे रस्ते राज्याच्या, मोटारगाड्या समवर्ती यादीत. दिल्लीतल्या मंत्र्याच्या हातात आहे काय? पैसा आणि कायदा."

"कायदाच घ्या मग," पुतणी म्हणाली.

कायद्याची कहाणी मराठी माणसाला जवळची आहे. २६ मे २०१४ला गोपीनाथ मुंडे यांनी केंद्रात ग्रामविकास मंत्री म्हणून शपथ घेतली आणि ३ जूनला सकाळी दिल्लीत त्यांच्या गाडीला दुसऱ्या गाडीची धडक बसली. त्यात ते गेले. त्याच मंत्रिमंडळात गडकरींकडे रस्ते वाहतूक खातं होतं. जुन्या मोटार वाहन कायद्याच्या जागी नवा, कडक कायदा आणू असं तेव्हा सांगितलं गेलं आणि मसुदाही तयार झाला. तो मसुदा बाजूला पडला. ऑगस्ट २०१६मध्ये दुरुस्ती विधेयक आलं, एप्रिल २०१७मध्ये लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत अडकलं आणि लोकसभा विसर्जित झाली तेव्हा रद्द झालं. अखेर २०१९च्या जुलैमध्ये नव्या लोकसभेत ते पुन्हा मांडलं आणि १ सप्टेंबर २०१९पासून वाढीव दंड लागू झाले. एका केंद्रीय मंत्र्याचा रस्त्यावर बळी गेल्यानंतरही कायदा बदलायला पाच वर्षं लागली.

आणि लागू झाल्यावर? पहिल्या पंधरवड्यातच गुजरातने दंडाची रक्कम कमी केली. महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. तेव्हाचे राज्याचे परिवहन मंत्री दिवाकर रावते यांनी गडकरींना पत्र लिहून दंडाचा फेरविचार करायला सांगितलं आणि राज्याने अंमलबजावणी थांबवली. वाढीव दंड महाराष्ट्रात आले ते २०२१च्या डिसेंबरात.

काकांचा आवाज इथे चढला. "बघ. मंत्र्याने कायदा आणला. त्याच्याच पक्षाच्या सरकारांनी तो बाजूला ठेवला. हेल्मेट न घालता जो पोरगा त्या दोन वर्षांत मेला, त्याच्यासाठी राजीनामा कोणी द्यायचा?"

"ज्यांनी थांबवला त्यांनी," पुतणी म्हणाली. "पण मंत्र्याला लोकांचा राग झेलता आला पाहिजे, हेही खरं. बार्बरा कॅसल आठवतात मला." १९६५च्या अखेरीस ब्रिटनच्या वाहतूक मंत्री झालेल्या कॅसल यांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती, आणि त्यावरून त्यांना टोमणे खावे लागले. मोटारवेवर ताशी ७० मैलांची मर्यादा कायम करणं आणि ऑक्टोबर १९६७पासून चालकाच्या श्वासातल्या दारूची चाचणी आणणं, ही दोन कामं त्यांनी केली. पबवाले खवळले, वर्तमानपत्रं तुटून पडली, धमक्या आल्या. त्या मागे हटल्या नाहीत आणि पहिल्याच वर्षी रस्त्यांवरचे मृत्यू हजाराहून जास्तीने घटले. "त्यांना कोणी किती किलोमीटर रस्ते बांधले म्हणून लक्षात ठेवत नाही. किती माणसं घरी परतली म्हणून ठेवतात. आमच्याकडे मंत्र्याची ओळख किलोमीटरने का होते?"

किलोमीटरच्या बाबतीत काका अजिबात नमतं घेणार नव्हते, आणि त्यांच्या बाजूने आकडे भक्कम आहेत. १९५१च्या सुमारास देशात राष्ट्रीय महामार्गांची लांबी २० हजार किलोमीटरच्या आत होती. २०१४मध्ये ती ९१ हजारांवर होती, दहा वर्षांनी १ लाख ४६ हजारांवर गेली. २०२०-२१मध्ये, करोनाच्या वर्षात, १३ हजारांहून अधिक किलोमीटर महामार्ग बांधले गेले, म्हणजे दिवसाला साधारण ३६-३७ किलोमीटर. जून २०२२मध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि गिनेस बुकात त्याची नोंद झाली.

"तू डांबराच्या कामावर कधी उभी राहिलीयस?" काकांनी विचारलं. "प्लांटातून माल निघतो तो दीडशे अंशांच्या आसपास. ट्रक साइटवर पोचेस्तोवर तो निवला तर रोलर फिरवूनही दाबला जात नाही, आणि पहिल्या पावसात खडी उघडी पडते. एवढ्या लांबीचं काम न थांबता करायचं म्हणजे प्लांट, ट्रक, पेव्हर, रोलर यांची साखळी चार-पाच दिवस एकदाही तुटता कामा नये. हे काही फीत कापायचं काम नाही. विदर्भातल्या माणसांनी ते करून दाखवलं. मला त्याचा अभिमान आहे."

"मलाही आहे," पुतणी म्हणाली, आणि ती मनापासून म्हणाली. "पण २०२२ सालचाच दुसरा आकडा ऐका. त्या वर्षी देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. मंत्रालयाच्याच अहवालातला आकडा आहे. दिवसाला साधारण ४६२. त्याच सप्टेंबरात पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. मागच्या सीटवर होते, पट्टा नव्हता. तीन पदरी रस्ता पुलापाशी दोन पदरी होतो ती जागा. तेव्हा चार दिवस चर्चा झाली. उरलेल्या लाखभर माणसांची चार मिनिटंही झाली नाही. रस्ता किती बांधला ते रोज मोजलं जातं. किती मेले ते वर्षातून एकदा, तेही अहवाल उशिरा आला तर त्याच्या पुढच्या वर्षी."

काका काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी आठवण करून दिली की डिसेंबर २०२४मध्ये गडकरींनी लोकसभेत उभं राहून कबूल केलं होतं: अपघात निम्म्यावर आणायचं उद्दिष्ट ठरवलं होतं, ते तर दूरच, उलट अपघात वाढले, परदेशात परिषदांना गेलो आणि रस्ते अपघातांचा विषय निघाला की तोंड लपवावंसं वाटतं. "असं सभागृहात सांगणारा मंत्री किती वेळा पाहिलास तू? ही जबाबदारी घेणं नव्हे?"

या जागी काकांचं पारडं थोडं जड होतं असं मान्य करायला हवं. दहा वर्षं एकच खातं सांभाळलेल्या मंत्र्याने स्वतःच्या सर्वांत मोठ्या अपयशाचं नाव घेऊन संसदेत बोलणं ही किरकोळ गोष्ट नाही. त्या आधीचे बहुतेक मंत्री दोन-तीन वर्षांत बदलले. २०००पासून २०१४पर्यंत भुवनचंद्र खंडुरी, टी. आर. बालू, कमलनाथ, सी. पी. जोशी, ऑस्कर फर्नांडिस असे चेहरे येत गेले. यांतले खंडुरी हे लष्कराच्या इंजिनिअर्स दलातले निवृत्त मेजर जनरल. सुवर्ण चतुष्कोनाची ५,८४६ किलोमीटरची चौपदरी कामं त्यांच्याच काळात जोरात झाली. पण त्याच कामांत २७ नोव्हेंबर २००३ला बिहारमधल्या गयेत सत्येंद्र दुबे या तरुण अभियंत्याचा खून झाला. कामातला भ्रष्टाचार त्याने थेट पंतप्रधान कार्यालयाला लिहून कळवला होता आणि नाव गुप्त ठेवायची विनंती केली होती. सरकारी फायलीतून ते नाव फिरत राहिलं. मंत्र्याच्या कार्यक्षमतेची गोष्ट सांगताना हाही मुलगा आठवला पाहिजे.

पुतणीने मग रेल्वे पुढे आणली. ऑगस्ट १९९९मध्ये पश्चिम बंगालमधल्या गैसालला दोन गाड्या समोरासमोर धडकल्यावर नितीशकुमारांनी रेल्वेमंत्रिपद सोडलं होतं. ऑगस्ट २०१७मध्ये उत्तर प्रदेशात काही दिवसांच्या अंतराने दोन गाड्या घसरल्या तेव्हा आपल्या सिंधुदुर्गाशी जोडलेले सुरेश प्रभू पंतप्रधानांकडे जबाबदारी घेऊन गेले आणि सप्टेंबरच्या फेरबदलात त्यांच्याकडून रेल्वे गेली. जून २०२३मध्ये ओडिशात बालासोरजवळ तीन गाड्यांच्या अपघातात २९०हून अधिक माणसं मेली, तेव्हा रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी राजीनामा दिला नाही.

"पण ते तिथेच थांबले," काका म्हणाले, "आणि ५१ तासांत रूळ परत सुरू झाले."

"रूळ सुरू झाले म्हणजे उत्तर मिळालं का?"

"त्याचं उत्तर राजीनामाही देत नाही. उत्तर चौकशी देते. बालासोरला ती झाली. सिग्नलच्या कामात चूक झाल्याचं त्या अहवालाने सांगितलं. का माहितेय? कारण रेल्वेकडे सुरक्षा आयुक्त आहे."

इतका वेळ दोघं मंत्र्याभोवतीच फिरत होते. मुद्द्याची गोष्ट आता निघाली. १९३७च्या जुलैमध्ये पाटण्याजवळ बिहटा इथे मोठा रेल्वे अपघात झाला. रेल्वे चालवणाऱ्यांनीच रेल्वे अपघाताची चौकशी करावी हे बरोबर नाही, ही जुनी तक्रार त्यानंतर जोरात पुढे आली, आणि १९४१मध्ये तपासणी अधिकाऱ्यांना रेल्वे बोर्डाच्या अधिकारातून बाहेर काढलं गेलं. आजही रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वेमंत्र्याच्या हाताखाली नाहीत, ते नागरी हवाई वाहतूक मंत्रालयाच्या छत्राखाली आहेत. मोठा अपघात झाला की आयुक्त येतो, जाब घेतो, रूळ-सिग्नल-इंजिन तपासतो आणि कारण लिहितो. नवी रेल्वेलाइनही त्याच्या परवानगीशिवाय प्रवाशांसाठी उघडत नाही.

रस्त्याला असा आयुक्त नाही. रेल्वेवर दहा माणसं मेली तर स्वतंत्र चौकशी होते. रस्त्यावर रोज साडेचारशे मरतात तेव्हा पोलीस पंचनामा करतात, चालकावर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवतात आणि रस्ता मोकळा करतात. वळणाचा कोन चुकला होता का, दुभाजकाचं टोक उघडं होतं का, फलक झाडामागे होता का, हे विचारायला कायद्याने नेमलेला कोणी तिथे येत नाही. २०१९च्या दुरुस्तीत राष्ट्रीय रस्ता सुरक्षा मंडळाची तरतूद झाली, पण त्याचं काम सल्ला देण्याचं. आणि शोधलं तर सापडतं, हे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने दाखवलं आहे. २०१६मध्ये सेव्हलाइफ फाउंडेशन आणि रस्ते विकास महामंडळ यांनी तिथे एकेका अपघाताची जागा तपासायला घेतली. उघडी टोकं झाकली, कडेला उभ्या राहणाऱ्या ट्रकांचा प्रश्न हाती घेतला, रुग्णवाहिकांची वेळ मोजली. पुढच्या वर्षांत तिथले मृत्यू बरेच उतरले. हा मार्ग बांधला जात होता तेव्हा राज्याचे बांधकाम मंत्री गडकरीच होते. बांधतानाचा वेग त्यांनी दिला. मृत्यू मोजून कारण शोधण्याची शिस्त आली ती रस्ता वापरात येऊन चौदा-पंधरा वर्षं झाल्यावर.

"सावित्रीच्या पुलाची मे महिन्यात तपासणी झाली होती," पुतणी म्हणाली. "पूल वाहतुकीला योग्य आहे असं आढळलं होतं, हे सरकारनेच तेव्हा सांगितलं. तीन महिन्यांत तो गेला. काका, तुम्ही आयुष्यभर हेच केलंत. असं होतंच कसं?"

काकांनी पुलाखाली काय पाहतात ते सांगितलं. नदी आटलेली असते तेव्हा खाली उतरायचं. कमानीच्या दगडांमधल्या दरजा पाहायच्या, चुना निघालाय का, एखादा दगड खाली सरकलाय का. पिंपळ पाहायचा. वरून कापला तरी मूळ दरजेत राहतं आणि पुढच्या पावसाळ्यात दगड आणखी बाजूला सारतं. मग खांबाच्या पायाशी जायचं, सळई खुपसून पाहायची, पाण्याने माती उकरून खड्डा केलाय का. "आमच्यात त्याला स्कावर म्हणतात. पूल बहुधा त्यानेच जातात. वरून धडधाकट दिसणारा पूल पायाशी पोकळ असतो. आणि ऐक, पूर चढलेला असतो तेव्हा हा खड्डा सगळ्यात खोल असतो. पूर ओसरताना नदी तोच खड्डा स्वतःच्या गाळाने भरून टाकते. मे महिन्यात उतरणाऱ्याला तळ सपाट दिसतो. सावित्रीचं तसंच झालं असं मी म्हणत नाही, मी तिथे नव्हतो. पण नुसत्या डोळ्यांनी केलेली पाहणी खोटी नसूनही चुकीची ठरू शकते. त्यासाठी पाणी असताना खोली मोजणारी यंत्रं लागतात, पाणबुडे लागतात, आणि त्याला पैसे लागतात."

"पैसे होते," पुतणी म्हणाली. "४ मार्च २०१६ला सेतू भारतम् योजना जाहीर झाली. जुने, जीर्ण झालेले दीड हजार पूल नव्याने बांधायचे किंवा मजबूत करायचे, ३० हजार कोटी. म्हणजे जुने पूल धोक्याचे आहेत हे मंत्रालयाला पाच महिने आधी माहीत होतं. आणि महामार्गांवरच्या पुलांची मोजदाद करणारी यंत्रणा कधी सुरू झाली? ऑक्टोबर २०१६. सावित्रीनंतर दोन महिन्यांनी. देशात पूल किती आणि कोणते हे नीट कळण्याआधी रस्त्यांची लांबी मात्र दर महिन्याला माहीत होती."

यावर काकांनी वाद घातला नाही. त्यांनी जुनी गोष्ट काढली. रस्त्यांचा खर्च पेट्रोलवरच्या करातून भागवायचा ही कल्पना या देशात रुजवली मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या समितीने. १९२७मध्ये ती नेमली गेली, पुढच्या वर्षी अहवाल आला आणि १९२९मध्ये रस्ता निधी सुरू झाला. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण रस्ते ही आजची प्रतवारी ठरली ती १९४३मध्ये नागपुरात भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या बैठकीत. "जयकरांना मंत्रालय नव्हतं, नागपूरला जमलेल्यांना मतं मागायची नव्हती. त्यांनी व्यवस्था लावली आणि ती अजून चालते. तू खुर्ची रिकामी करायला सांगतेस. मी म्हणतो खुर्चीतल्या माणसाकडून व्यवस्था मागा. रेल्वेसारखा आयुक्त मागा, मंत्र्याच्या हाताखाली नसलेला."

"मागू. आणि त्याने लिहिलेलं सगळ्यांना वाचायला मिळालं पाहिजे. प्रत्येक पुलाची तपासणी कधी झाली, कोणी केली, काय आढळलं, पुलाच्या तोंडाशी फलकावर लावा."

"म्हणजे पूल पडला की फलकावरच्या उपअभियंत्याला निलंबित करायला सोपं," काका ताडकन म्हणाले. "नेहमी तोच सापडतो. लावायचंच असेल तर त्याच फलकावर आणखी दोन तारखा लावा. दुरुस्तीचा पैसा कधी मागितला आणि कधी मंजूर झाला."

"चालेल. मग पैसा मागितल्याची तारीख आहे, मंजुरीची जागा कोरी आहे, आणि पूल गेला. तेव्हा कोणी जायचं?"

काकांनी विचार केला. "तेव्हा मंत्र्याने," ते म्हणाले. "तेवढ्यापुरता मी तुझ्या बाजूने. पण जागा किती दिवस कोरी असली म्हणजे?"

"एक पावसाळा."

"एका पावसाळ्यात होत नाही. अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, टेंडर, कार्यारंभ आदेश. दोन पावसाळे धर."

"सावित्रीचा पूल १६५ दिवसांत झाला ना काका? मग पडण्याआधी दोन पावसाळे का लागावेत?"

काका म्हणाले, तेव्हा सगळी यंत्रणा एका पुलावर लागली होती, दीड हजारांवर एकदम लावता येत नाही. पुतणी म्हणाली, मग दीड हजारांतले सर्वांत धोक्याचे कोणते, ती यादी तरी पावसाळ्याआधी लोकांना दाखवा. दीड पावसाळ्यावर तडजोड करायला काका तयार होते. पुतणी नव्हती.